वाटाण्याचे रोप

आष्ट्याच्या पेठेतील एखाद्या घरात मुलाने अ‍ॅनिमेशन किंवा चित्रफितींचे संपादन शिकण्याची इच्छा व्यक्त केली, की पहिला प्रश्न येतो मिळकतीचा. प्रश्न रास्तच आहे. तो १९१२ सालीही उभा होता.

लंडनहून कॅमेरा घेऊन परतलेल्या दादासाहेब फाळके यांच्याजवळ भांडवल नव्हते, आणि नुसत्या शब्दांवर कोणी पैसा देत नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर स्थिर केला आणि सुमारे महिनाभर ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. पडद्यावर जेमतेम मिनिटभरात अंकुराचे रोप झाले. ते पाहून काहींनी कर्ज देऊ केले. (तरी पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच.) १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला.

महाविद्यालयाच्या एका सत्रात विद्यार्थ्याने हेच करून पाहावे. सेकंदाला २४ चौकटी धरल्यास दहा सेकंदांना २४० छायाचित्रे लागतात. दर दोन तासांनी एक घेतल्यास वीस दिवस. कुंडीतल्या हळदीचे पान उलगडताना टिपण्यास तेवढे पुरे. फोन घरात असतोच, ब्लेंडरसारखे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. कठीण आहे ते रात्रंदिवस उजेड सारखा ठेवणे आणि फोन तसूभरही न हलू देणे.

पुढचा प्रकल्प घरच्या दुकानाच्या मालाचा असावा. त्यावर गेलेले तास आणि खर्च मुलाने वहीत मांडावेत. सत्राअखेर वडिलांनी ती चित्रफीत शेजारच्या दुकानदारास दाखवावी आणि तशीच स्वतःच्या मालासाठी करून घ्यायची झाल्यास तो किती मोल देईल, हे विचारावे.