टाचेमागची शीर आणि तीनशे कोटींचा करार

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात घेऊन आले. मुलगा कॉलेजच्या बास्केटबॉल संघात खेळतो. उडी मारून खाली येताना दुसऱ्याच्या बुटावर पाय पडला आणि घोटा मुरगळला. सूज बरीच होती, हाड मात्र शाबूत होते. मी पट्टी बांधत असताना त्याने विचारले, "डॉक्टर, कोबे ब्रायंटला शेवटच्या दोन वर्षांचे जे पैसे दिले ते बरोबर होते का? आमच्या ग्रुपमध्ये पैज लागली आहे." वडील बाजूच्या बाकावर बसून स्वतःची टाच चोळत होते. त्या टाचेकडे नंतर येतो.

कॉलेजात असताना मीही हा खेळ थोडाफार खेळलो आहे. बाहेर रोगी ताटकळत होते म्हणून त्या दिवशी "पुढच्या वेळी सांगतो" असे म्हणून वेळ मारून नेली. मागाहून वाटले, की प्रश्न क्रीडा पानावरचा दिसत असला तरी त्याचे उत्तर आपल्या याच सदरात सापडेल.

ज्यांनी हे नाव ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोबे ब्रायंट हा अमेरिकेतील लॉस एंजेलिस लेकर्स या संघाचा खेळाडू. १९९६ साली शाळेतून थेट एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत आला, वीस वर्षे एकाच संघाकडून खेळला आणि पाच वेळा अजिंक्यपद मिळवले. एप्रिल २०१६ मध्ये तो निवृत्त झाला. जानेवारी २०२० मध्ये हेलिकॉप्टर अपघातात त्याचा अंत झाला. वय होते अवघे ४१.

वाद आहे तो २५ नोव्हेंबर २०१३ रोजी झालेल्या कराराचा. दोन हंगामांसाठी ४ कोटी ८५ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे तीनशे कोटी रुपये. करार झाला तेव्हा तो ३५ वर्षांचा होता आणि साडेसात महिन्यांपूर्वी त्याच्या डाव्या पायाची टाचेमागची शीर संपूर्ण तुटली होती. विशेष म्हणजे सही झाली त्या दिवसापर्यंत दुखापतीनंतर तो एकही सामना खेळलेला नव्हता. पहिला सामना खेळला ८ डिसेंबरला. बैल बाजारातून आणायचा तर आपला शेतकरी आधी त्याला चार पावले चालवून बघतो. इथे तेवढेही कोणी थांबले नाही.

आता ही शीर म्हणजे काय ते पाहू. पोटरीचे स्नायू खाली निमुळते होत जातात आणि एका जाड कंडरेच्या रूपाने टाचेच्या हाडाला चिकटतात. इंग्रजीत तिला अकिलीस टेंडन म्हणतात. घोट्याच्या मागे चिमटीत धरली तर ती सहज हाताला लागते. शरीरातील ही सर्वांत जाड आणि सर्वांत बळकट कंडरा. धावताना, उडी मारताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण ती सोसते. पण तिच्यात एक खोट आहे. टाचेच्या हाडापासून साधारण दोन ते सहा सेंटिमीटर वरच्या भागात तिला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. रोजच्या धावपळीत तिचे जे बारीक तंतू झिजतात, त्यांची दुरुस्ती तरुणपणी रात्रभरात होत असेल, तर तिशी-पस्तिशीनंतर तिला अधिक सवड लागते. तेवढी सवड मिळाली नाही की झीज शिल्लक राहते, साठत जाते. वरून काहीच दिसत नाही. मग एखाद्या साध्या पावलाला ती फाटकन तुटते. मागून कोणी लाथ मारली असे वाटून माणूस वळून बघतो, तर मागे कोणी नसते.

ब्रायंटच्या बाबतीत ही सवड मिळाली होती का? २०१२-१३ च्या हंगामात, वयाच्या ३४ व्या वर्षी, तो सामन्यामागे सरासरी ३८.६ मिनिटे खेळत होता. पूर्ण सामना असतो ४८ मिनिटांचा. हंगामाच्या अखेरीस संघ बाद फेरीच्या उंबरठ्यावर धडपडत होता, तेव्हा हा आकडा आणखी चढला. १० एप्रिल २०१३ रोजी पोर्टलंडविरुद्ध तो पूर्ण ४८ मिनिटे मैदानावर होता आणि त्याने ४७ गुण केले. वर्तमानपत्रांनी कौतुक केले. मधला एक दिवस गेला आणि १२ एप्रिलला गोल्डन स्टेटविरुद्ध तो पुन्हा उभा राहिला. सुमारे ४५ मिनिटे खेळून झाली होती, सामना संपायला तीन मिनिटे उरली होती आणि शीर तुटली. तशाही अवस्थेत त्याने दोन फ्री थ्रो टाकले, दोन्ही बास्केटमध्ये गेले, आणि तो स्वतःच्या पायांनी बाहेर चालत गेला.

हा प्रसंग धैर्याचा म्हणून सांगितला जातो आणि त्यात धैर्य आहेच. पण डॉक्टर म्हणून मला त्या दोन फ्री थ्रोंपेक्षा आधीची ४५ मिनिटे दिसतात. त्याला रोखणारे कोणी नव्हते. तो स्वतः थांबायला तयार नव्हता, हेही तितकेच खरे.

त्याच वेळी त्याच स्पर्धेत दुसरा एक ज्येष्ठ खेळाडू खेळत होता. सॅन अँटोनियो स्पर्स संघाचा टिम डंकन. हा ब्रायंटपेक्षा दोन वर्षांनी मोठा. त्याचा प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच त्याला मुद्दाम बसवून ठेवी. मार्च २०१२ मध्ये एका सामन्याच्या अधिकृत तक्त्यात डंकन न खेळण्याचे कारण म्हणून चक्क 'म्हातारा' असा शब्द छापला गेला! नोव्हेंबर २०१२ मध्ये तर पॉपोविचने मायामीच्या सामन्याआधी डंकनसह चार खेळाडूंना सरळ घरी पाठवून दिले. प्रेक्षकांचा विरस केला म्हणून एनबीएने संघाला अडीच लाख डॉलर दंड केला. संघाने दंड भरला. डंकनने २०१२ मध्ये पगारही कमी करून घेतला होता, दोन कोटींवरून एक कोटी डॉलरच्या आत. २०१३-१४ च्या हंगामात तो सामन्यामागे २९.२ मिनिटे खेळला, ७४ सामने खेळला, आणि जून २०१४ मध्ये वयाच्या ३८ व्या वर्षी त्याच्या संघाने अजिंक्यपद मिळवले. त्याची सरासरी होती १५.१ गुणांची. नुसते गुण मोजणाऱ्याला हा आकडा फिका वाटेल.

डंकन उंच, बास्केटजवळ उभा राहून खेळणारा. ब्रायंट धावत, वळत, उड्या मारत खेळणारा. दोघांच्या टाचांवरचा भार सारखा नव्हता, हे मला मान्य आहे. तरीही मिनिटांमधला एवढा फरक डोळ्यांत भरतो.

आता कराराकडे वळू. पहिली गोष्ट, परतल्यानंतरचा काळ. शीर तुटल्यापासून पुन्हा मैदानात उतरेपर्यंत अवघे आठ महिने गेले. सहा सामने झाले आणि १७ डिसेंबरला त्याच डाव्या पायाच्या गुडघ्याजवळचे हाड मोडले. हंगाम तिथेच संपला. त्या हंगामाचा पगार जुन्या करारानुसार ३ कोटी ४ लाख डॉलर होता, म्हणजे एका सामन्याला ५० लाख डॉलर पडले. शिरेमुळेच हाड मोडले असे मी म्हणणार नाही. मात्र पोटरी दुबळी असली की तिच्या वाटचा धक्का गुडघा घेतो, हे आम्ही रोज पाहतो.

नवा करार लागू झाल्यावर २०१४-१५ मध्ये तो ३५ सामने खेळला आणि जानेवारीत उजव्या खांद्याची शीर फाटली. २०१५-१६ मध्ये ६६ सामने. एकूण १६४ पैकी १०१. एका सामन्याला सुमारे ४ लाख ८० हजार डॉलर. गुणांची सरासरी पहिल्या वर्षी २२.३, दुसऱ्या वर्षी १७.६. त्याचे चाहते हे आकडे पुढे करतात. परंतु बास्केटकडे टाकलेल्या शंभर चेंडूंपैकी किती आत गेले ते पाहा. दुखापतीच्या हंगामात ४६, नंतर ३७, मग ३६. चेंडू टाकायचे त्याने थांबवले नाही, एवढाच त्या सरासरीचा अर्थ. उडी दोन बोटे कमी झाली, वळायला निमिषभर उशीर झाला, की समोरच्याचा हात आडवा येतो. डोळा तोच, मनगट तेच, खाली पोटरी ती नाही.

एनबीएमध्ये संघाने पगारावर किती खर्च करावा याला एक मर्यादा असते. ती ताणता येते, पण असते. २०१४-१५ मध्ये ती सुमारे ६ कोटी ३० लाख डॉलर होती आणि त्यातले २ कोटी ३५ लाख एकट्या ब्रायंटचे. उरलेल्या पैशांत बाकी संघ. परिणाम दिसला. त्या वर्षी लेकर्सनी ८२ पैकी २१ सामने जिंकले आणि पुढच्या वर्षी १७. संघाच्या इतिहासात तोपर्यंत इतका वाईट हंगाम झाला नव्हता.

मग चूक कोणाची? माझे मत असे, की पैसे जास्त दिले ही चूक नव्हे. ज्याने वीस वर्षे स्टेडियम भरवले, ज्याच्या नावावर संघाने टीव्हीशी वीस वर्षांचा, अब्जावधी डॉलरचा करार केला, त्याला शेवटी भरघोस दिले तर देणाऱ्याचे काही बिघडले नाही आणि घेणाऱ्याने संकोच का करावा? ती कृतज्ञता होती, तिला कृतज्ञता म्हणायला हवे होते. चूक झाली ती पुढे. त्याच पैशांकडे बोट दाखवून ३६-३७ वर्षांच्या शरीराकडून पंचविशीतले काम मागितले गेले. २०१४ च्या हंगामात तो पुन्हा सामन्यामागे ३४ मिनिटांहून अधिक खेळत होता. इतका पगार घेणारा माणूस बाकावर बसलेला कोणाला बघवतो?

वय झाले की संपले, असेही नाही. याच लेकर्स संघाचा करीम अब्दुल-जब्बार ४२ व्या वर्षापर्यंत खेळला. १९८५ च्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. हा गृहस्थ नियमित योगासने करी. लेब्रॉन जेम्सने २०२४ मध्ये ३९ व्या वर्षी दोन वर्षांसाठी दहा कोटी डॉलरहून अधिकचा करार केला आणि पुढच्या हंगामात ७० सामने खेळून दाखवले. शीर तुटूनही परतता येते. केव्हिन ड्युरांटची शीर जून २०१९ मध्ये तुटली. पुढच्याच महिन्यात नव्या संघाने त्याच्याशी चार वर्षांचा करार केला, पण अख्खा एक हंगाम त्याला खेळवलेच नाही. दीड वर्षाने तो उतरला आणि शंभरातले त्रेपन्न चेंडू आत टाकू लागला. तो दुखापतीच्या वेळी तीस वर्षांचा होता, ही त्याची जमेची बाजू. तरी सगळ्यांना हे साधत नाही. १९८८ ते २०११ या काळात या शिरेची शस्त्रक्रिया झालेल्या १८ एनबीए खेळाडूंचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतले ७ जण पुन्हा त्या स्पर्धेत खेळू शकले नाहीत.

वाचकहो, ही शीर फक्त अमेरिकेत तुटत नाही. आठवडाभर खुर्चीवर बसून रविवारी एकदम धाव काढणारा तीस ते पन्नास वयाचा पुरुष हे तिचे नेहमीचे गिऱ्हाईक. तुटल्यावरही पाऊल थोडे हलते, म्हणून लोक मुरगळले समजून चोळून घेतात आणि आठवडे वाया जातात. रोग्याला पालथे झोपवून पोटरी दाबावी. पाऊल खाली झुकले नाही तर शीर तुटली असे समजावे आणि त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्यावे. आणखी एक. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या प्रतिजैविकांनी ही शीर दुखावू शकते. साठीपुढे, आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका जास्त. म्हणून जुन्या चिठ्ठीवर ही औषधे परस्पर घेऊ नयेत, आणि घेत असताना टाचेमागे दुखू लागले तर डॉक्टरांना लगेच सांगावे.

त्या मुलाचे वडील चव्वेचाळीस वर्षांचे. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावले टाच धरते, मग मोकळी होते, असे त्यांनी सांगितले. हाताने पाहिले तर शीर जाड झालेली, दाबल्यावर दुखणारी. सहा आठवडे धावणे बंद, दोन्ही पायांवर उभे राहून टाचा वर उचलण्याचा आणि सावकाश खाली आणण्याचा व्यायाम रोज, असे मी सांगितले. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ते करतो, पण आत्ता एक इंजेक्शन देऊन टाका. रविवारी टेनिस बॉलची फायनल आहे." स्टेरॉइडचे इंजेक्शन या शिरेत दिले तर दुखणे थांबते आणि शीर आणखी कमकुवत होते. मी नाही म्हणालो. त्यांना ते फारसे रुचले नसावे.

सोमवारी मुलगा पट्टी बदलायला एकटाच आला. पैजेचे उत्तर मी त्याला दिले, ते त्याला अर्धेच पटले. शेवटच्या सामन्यात कोबेने ६० गुण केले होते, हे त्याने मला ऐकवले. मी म्हणालो, पन्नास वेळा चेंडू टाकून. आणि तो सामना मीही पाहिला, टाळ्याही वाजवल्या, हेही कबूल केले. मग वडिलांची चौकशी केली. "बाबा कॅप्टन आहेत ना," एवढेच तो म्हणाला.