पाडव्याची ओवाळणी आणि घरातील हिस्सा

बलिप्रतिपदा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. या दिवशी व्यापारी नव्या वहीचे पूजन करतो आणि घरोघरी पत्नी पतीला ओवाळते. हिशेब आणि स्नेह या दोहोंना आपल्या परंपरेने एकाच दिवशी मान दिला, यात मोठे औचित्य आहे.

सांप्रत याच मुहूर्तावर अनेक दांपत्ये नव्या घराचा व्यवहार करतात. दोघेही मिळवती असली तरी आरंभी भरावयाची रक्कम दोघांची सारखी नसते. कित्येकदा पत्नीचे माहेरचे दागिने मोडून ती उभी राहते आणि खरेदीखतावर नाव मात्र एकट्या पतीचे लागते. ‘घर एकच, मग वाटे कसले?’ असे म्हणून विषय मिटविला जातो. पतिपत्नींत विभाग नाही, या आपस्तंबांच्या वचनाचा आधारही त्यासाठी घेतला जातो. परंतु तेथेच ते पाणिग्रहणापासून कर्मांत, पुण्यफळांत आणि द्रव्याच्या स्वीकारात दोघांचे सहत्व सांगतात. सहत्व म्हणजे दोघांनी असणे. एकाने लोपणे नव्हे.

स्त्रीधनाविषयी याज्ञवल्क्य तर अधिकच स्पष्ट आहेत. दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी आणि बंदिवास या प्रसंगी पतीने घेतलेले स्त्रीधन परत न केले तरी चालते, असे ते सांगतात. घरखरेदी या यादीत नाही.

मग न्याय्य वाटणी कोणती? एकत्र व्यापार करणाऱ्यांसाठी याज्ञवल्क्यस्मृतीत नियम आहे : लाभहानी ज्याच्या त्याच्या द्रव्याच्या प्रमाणात, अथवा आपसांत ठरेल त्याप्रमाणे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ४५ वे कलम जणू हेच बोलते. दोघांनी आपापल्या पैशांतून मालमत्ता घेतली आणि वेगळा करार नसला, तर हिस्से रकमेच्या प्रमाणात. कोणी किती दिले याचा पुरावाच नसला, तर समान मानले जातात.

उदाहरण घेऊ. घर ५० लाखांचे. आरंभी पत्नीने ७ लाख व पतीने ३ लाख दिले. उरलेल्या ४० लाखांच्या कर्जाची मुद्दल दोघांनी निम्मी निम्मी फेडावयाची. म्हणजे पत्नीचे २७ लाख, पतीचे २३ लाख. हिस्से शेकडा ५४ व ४६.

पण संसार म्हणजे केवळ पेढी नव्हे. मुलांसाठी वा वृद्ध सासूसासऱ्यांसाठी एकाने नोकरी सोडली, तर त्या कष्टांचा आकडा पासबुकात उमटत नाही. तेथे स्मृतीतील दुसरा पर्याय, परस्परांतील करार, उपयोगी पडतो. माझ्या मते अशा वेळी समान हिस्साच शोभतो. मात्र तो दोघांनी समजून, राजीखुशीने ठरविलेला असावा.

म्हणून वाचकहो, खरेदीखतात दोघांची नावे व हिस्से स्पष्ट लिहावेत आणि बँकेच्या पावत्या जपून ठेवाव्यात. लिहून ठेवणे म्हणजे अविश्वास नव्हे. व्यापारी ज्या वहीला हळदकुंकू वाहतो, तिच्यात तो आकडेच लिहितो ना? यंदा ओवाळणीच्या तबकात पतीने साडीबरोबर पत्नीच्या हिश्श्याचा हा कागदही ठेवावा.