भिंती मालकाच्या, संसार आपला



इथे नायमेखनमध्ये भाड्याने राहणाऱ्या मराठी मंडळींना मी अधूनमधून विचारतो, "घरातल्या सामानाचा विमा आहे का?" बहुतेक वेळा उत्तर मिळते, "घरमालकाचा असेलच की!"

असतो, पण तो इमारतीचा. आग लागली तर त्या विम्यातून भिंती आणि छप्पर दुरुस्त होते. लॅपटॉप, कपडे, पलंग मात्र आपल्याच खिशातून. नेदरलँड्समध्ये २००६ पासून सर्वांना आरोग्यविमा सक्तीचा आहे, गाडीचाही सक्तीचा. सामानाचा ऐच्छिक, म्हणून राहून जातो.

आपल्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. आपल्याला विमा म्हटले की एलआयसी आठवते: वीस वर्षे हप्ते भरा, शेवटी बोनससकट रक्कम घ्या. जो हप्ता परत येत नाही तो वाया गेला असे वाटते. शिवाय, "दोन वर्षांसाठी तर आलोय, घरात आहेच काय?" एकदा कागद घेऊन खोलीवार यादी करा आणि नव्याने घेण्याच्या किमती मांडा. आकडा पाहून दचकाल.

पॉलिसीतली बारीक अक्षरेही वाचा. दागिन्यांना बहुधा वेगळी मर्यादा असते. आणि आपण वाल नदीच्या काठी राहतो. १९९५ च्या महापुरात शेजारच्या ऊय पोल्डरसह नदीकाठच्या पट्ट्यातून सुमारे अडीच लाख माणसे हलवावी लागली होती. तेव्हा बांध टिकले. पण मुख्य बांध फुटून होणारे नुकसान साधारणपणे या विम्यात धरत नाहीत.

मला खरा प्रश्न वाटतो तो पुढचा. आपण नोकरदार माणसे कसेबसे सावरू. पण ज्या विद्यार्थ्याला किंवा कामगाराला साधा फ्रिज पुन्हा घेणे जड जाते, तोच हप्ता टाळतो. त्याला बेफिकीर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ब्रिटनमध्ये अनेक नगरपालिका आणि गृहनिर्माण संस्था आपल्या भाडेकरूंना भाड्याबरोबरच थोडा थोडा हप्ता भरून असा विमा घेऊ देतात. अशी सोय सगळीकडे मागायला हवी.

विमा ही शेवटी वर्गणीच: सगळ्यांनी थोडे द्यायचे, ज्याच्यावर वेळ येईल त्याला उपयोगी पडायचे. गणपतीची वर्गणी आपण परत मागत नाही. मग हीच का खुपावी? या महिन्यात आपली पॉलिसी तपासा, आणि नुकत्याच आलेल्या एका तरी विद्यार्थ्याला हे सांगा.