पोहोचलेल्यांची गोष्ट

ऑगस्ट संपत आला की स्टेट कॉलेजमध्ये पेन स्टेट विद्यापीठाचे नवे सत्र सुरू होते आणि कॉलेज ॲव्हेन्यूवर गाद्या, टेबले, तांदळाच्या पिशव्या वाहून नेणारी मुले दिसू लागतात. त्यांत पुण्याची, नागपूरची, सांगलीचीही असतात. याच दिवसांत या गावाने ज्यांना हक्काने आपले म्हणावे अशा एका माणसाच्या दोन तारखा येतात. २२ ऑगस्ट हा थोर संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांचा स्मृतिदिन आणि १० सप्टेंबर ही त्यांची जयंती. राव १९८८ मध्ये पेन स्टेटमध्ये आले. अठ्ठावन्न-साठाव्या वर्षी भारतातली नोकरी पुरी करून त्यांनी अमेरिकेत दुसरा डाव मांडला होता, त्याचा मोठा भाग याच डोंगरांच्या कुशीत गेला.

रावांच्या लहानपणाची एक हकिकत हमखास सांगितली जाते. ती सांगितली त्यांनीच, ‘स्टॅटिस्टिक्स अँड ट्रुथ’ या पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत. आई लक्ष्मीकांतम्मा रोज पहाटे चारला त्यांना उठवायची आणि अभ्यासासाठी तेलाचा दिवा लावून द्यायची. आपल्याकडे दिवा म्हटला की ऐकणाऱ्याला लगेच गरिबी दिसते. दहावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या ‘परिस्थितीवर मात’ या मथळ्याखाली ही हकिकत अलगद बसते. पण वस्तुस्थिती तशी नाही. वडील पोलीस इन्स्पेक्टर होते. जन्म १९२० चा, आजच्या कर्नाटकातल्या हूविना हडगलीचा. घरात दहा मुले, हे आठवे. देवकीच्या आठव्याचे म्हणून नाव राधाकृष्ण. बदल्यांपायी गावे आणि शाळा बदलत राहिल्या. ओढाताण असेल, पण अन्नान्नदशा नव्हती. आणि त्या काळी त्या भागात तेलाचा दिवा बहुतेक घरी होता. दहा मुलांचे रगाडे उपसून आठव्या मुलासाठी चारला उठणारी आई मात्र प्रत्येक घरी नव्हती.

आम्हाला सांगायचे आहे ते एवढेच. माणूस घडतो तो घराने. अडचण त्या घराच्या आड येते, कधी हरते, पुष्कळदा जिंकते. पण श्रेय वाटताना आपण अडचणीला पुढच्या रांगेत बसवतो आणि आईला आभारप्रदर्शनात.

रावांच्या वाट्याला खरी अडचण आली ती पुढे. गणितात एम.ए. झाले आणि नोकरी मिळेना. महायुद्ध सुरू होते. सैन्याच्या एका सर्व्हे विभागातील जागेसाठी ते कलकत्त्याला गेले आणि नकार घेऊन परतायच्या बेतात होते. उतरले होते त्या जागी एक गृहस्थ भेटले. ते मुंबईहून महालनोबिसांच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षणासाठी आले होते. राव ती संस्था बघायला गेले, अर्ज दिला, आणि १ जानेवारी १९४१ ला तिथे दाखल झाले. हा नकार त्यांना ‘घडवून’ गेला असे म्हणणे म्हणजे बस चुकली म्हणून बसचे आभार मानण्यासारखे आहे. तो गृहस्थ त्या दिवशी भेटलाच नसता तर?

भेटल्यानंतर काय झाले, ते महाराष्ट्राने लक्षात ठेवावे असे आहे. विशीतले राव वर्गावर शिकवू लागले होते. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांचा एक निष्कर्ष मोठ्या नमुन्यांपुरता त्यांनी सिद्ध करून दाखवला. वर्गातून एका विद्यार्थ्याने विचारले, लहान नमुन्यांना हे का लागू होत नाही? राव घरी गेले, रात्रभर बसले, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर फळ्यावर मांडले. तीच पुढे जगभर ‘क्रामेर-राव असमानता’ म्हणून शिकवली जाऊ लागली. प्रश्न विचारणारा विद्यार्थी म्हणजे वि. म. दांडेकर. नीलकंठ रथांबरोबर भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास १९७१ मध्ये मांडणारे, पुण्याच्या गोखले संस्थेचे दांडेकर तेच. शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही १९२० चे! रावांचे ते उत्तर मांडणारा निबंध १९४५ मध्ये छापला गेला, आणि त्याचे मोल ओळखून आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र पुरस्कार २०२३ मध्ये मिळाला, तेव्हा राव १०२ वर्षांचे होते. त्याच वर्षी ते गेले.

अडचणीने माणूस घडतो का, या विषयावर रावांचे स्वतःचे गणित त्यांच्या चरित्रापेक्षा जास्त बोलते. त्यांनी वर्गावर्गांतल्या मुलग्यांना एक साधा प्रश्न विचारला होता: स्वतःला धरून तुमच्या घरी भाऊ किती, बहिणी किती? बेरीज केली की भाऊ बहिणींपेक्षा ठळकपणे जास्त निघत. मुली कमी जन्मल्या होत्या म्हणून नव्हे. ज्या घरात मुलगाच नाही, ते घर त्या मोजणीत येऊच शकत नव्हते. जे समोर पोहोचले तेवढ्यांनाच विचारले तर उत्तर एका बाजूला झुकणार, याचे पुढचे काम त्यांनी पेन स्टेटचेच प्राध्यापक जी. पी. पाटील यांच्याबरोबर केले; त्यांचा संयुक्त निबंध १९७८ चा आहे.

हीच कसोटी आपल्या सत्कार समारंभांना लावा. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे व्यासपीठावरून म्हणणारा माणूस देव झालेल्या दगडाकडे बोट दाखवत असतो. त्याच घावांनी फुटले ते दगड मंडपात बसलेले नसतात. बापाचे कर्ज फेडायला बारावीनंतर कंपनीत लागलेली मुलगी, वसतिगृह मिळाले नाही म्हणून गावी परतलेला मुलगा, यांना कोणी भाषणाला बोलावत नाही. त्यांनी सोसले कमी, असे कोण म्हणेल? म्हणून हालअपेष्टांनी माणसे घडतात हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. तो झुकलेल्या नमुन्यावरचा आहे, आणि मदत करायला हात आखडणाऱ्यांच्या फार सोयीचा आहे. ‘आम्हीही असेच दिवस काढले’ हे वाक्य परदेशातल्या आपल्या घरांतही कमी ऐकू येत नाही.

स्टेट कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांच्या घरांचे बरेचसे करार ऑगस्टमध्येच संपतात आणि सुरू होतात. जुने घर सुटलेले, नवे हातात न आलेले, असे काही दिवस सामानासकट कुठे काढायचे हा प्रश्न दर वर्षी कोणा ना कोणापुढे येतो. डोक्यावर शैक्षणिक कर्ज घेऊन आलेल्या पोराला हॉटेल परवडत नाही. या गावात मराठी घरे आहेत, त्यांत रिकाम्या खोल्या आहेत, गॅरेजमध्ये जागा आहे. ‘स्ट्रगल कर, त्यानेच मोठा होशील’ असा आशीर्वाद या वेळी राहू द्या. चार दिवसांसाठी खोली उघडून द्या.