कोंबडी बुटकी, जंतू नाहीत!

बँटम म्हणजे बुटक्या जातीची कोंबडी. वजन साधारण अर्धा ते एक किलो, दिसायला गोंडस. फ्लॅटच्या बाल्कनीत मावते, म्हणून हल्ली ती मुलांसाठी ‘खेळणं’ म्हणून घेतली जाते. माझा विरोध कोंबडीला नाही, तिला खेळणं समजण्याला आहे.

‘एवढीशी तर आहे, तिच्याने काय होणार?’ हा युक्तिवाद चुकीचा आहे. बँटम हीदेखील कोंबडीच. साल्मोनेला नावाचे जंतू तिच्या आतड्यात राहतात, विष्ठेतून बाहेर पडतात आणि पिसांना, पायांना चिकटतात. कोंबडी मात्र ठणठणीत दिसते! पिल्लाला हात लावून मुलाने तोच हात तोंडात घातला की काम झाले. साधारण सहा तासांपासून सहा दिवसांत ताप, जुलाब आणि पोटात कळा सुरू होतात. मोठी माणसे बहुधा आपोआप बरी होतात. पण पाच वर्षांखालची मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांच्यात जंतू रक्तात शिरून जिवावर बेतू शकते.

विक्रेते सांगतात, ‘लस दिलेली आहे.’ कोणती लस? बहुतेक वेळा मानमोडीची. ती कोंबडीला वाचवते, तुमच्या बाळाला नाही. मुलाला टायफॉइडची लस दिली असेल तरी निर्धास्त राहू नका. टायफॉइडचे जंतू माणसाकडून माणसाकडे पसरतात; कोंबडीतले साल्मोनेला वेगळे, त्यांच्यापासून ती लस संरक्षण देत नाही.

‘गावाकडे पिढ्यान्पिढ्या कोंबड्या होत्या, कुणाला काही झालं नाही,’ असेही ऐकवले जाते. गावाकडे कोंबडी खुराड्यात किंवा डालग्याखाली असायची, उशीवर नव्हे. आणि हगवणीने मुले दगावत, तेव्हा कारण कोण तपासत होते? कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

बर्ड फ्लूही विसरू नका. २००६ साली भारतातला पहिला उद्रेक आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. माणसाला त्याची लागण क्वचितच होते, पण झाली तर आजार गंभीर असतो.

म्हणून माझे स्पष्ट मत: घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर बँटम आणू नका. मूल मोठे होईपर्यंत थांबल्याने काही बिघडत नाही. आधीच पाळली असेल तर:

१. लहान मुलांना कोंबडीला, पिल्लांना हात लावू देऊ नका. मोठ्यांनीही त्यांचे मुके घेऊ नयेत.
२. हाताळल्यावर लगेच साबणाने निदान वीस सेकंद हात धुवा.
३. खुराडे स्वयंपाकघरापासून दूर ठेवा. त्यांची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका.
४. पक्षी अचानक मेले तर उघड्या हाताने स्पर्श करू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.
५. जुलाब झाल्यास ओआरएस सुरू करा, मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. जास्त ताप, शौचातून रक्त किंवा लघवी कमी होणे दिसले, किंवा रुग्ण तान्हे बाळ असेल, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जा आणि ‘घरी कोंबड्या आहेत’ हे न विचारताही सांगा.

हौस जरूर करा. पण तिची किंमत घरातल्या सर्वांत लहान जिवाला मोजायला लावू नका.