प्रदर्शनांतील प्रयोग आणि घरांतील वडील मंडळी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हां सुरू झाल्या कीं विज्ञान-प्रदर्शनाचे वारे वाहूं लागतात, आणि त्याबरोबर सुशिक्षित घरांतून एक चमत्कारिक प्रकार दृष्टीस पडूं लागतो. प्रयोग मुलाच्या नांवाचा असतो. पण पुठ्ठा कापतात वडील, अक्षरें रंगवितात आत्याबाई, आणि माहितीचें टिपण काका संगणकावरून उतरवून देतात. हल्लीं तर तयार प्रतिकृतीही बाजारांत मिळतात. मुलाच्या वांट्यास एवढेंच येतें, कीं तें ओझें शाळेंत वाहून न्यावें आणि पाठ केलेलीं चार वाक्यें परीक्षकांपुढें म्हणून दाखवावीं. यांत कोणाचाही हेतु वाईट नसतो, हें आम्ही जाणतों. तथापि जें शिकविण्याकरितां हें सारें योजिलें, त्याच्या नेमकें उलट शिक्षण मुलास घरांतच मिळतें, ही गोष्ट वाचकांनीं क्षणभर विचारांत घ्यावी.

अशा एका प्रदर्शनांत परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग आमच्यावर आला होता. सातवींतील एका मुलानें मातीचा ज्वालामुखी मांडला होता. त्यांत खाण्याचा सोडा व व्हिनेगर पडतांच लाल फेंस उसळे आणि बघे टाळ्या वाजवीत. आम्हीं सहज विचारिलें, “बाळ, आपल्या लातुराकडे कधीं लाव्हारस आला होता काय?” मुलगा गोंधळून वडिलांकडे पाहूं लागला. वस्तुतः ज्या भूमीवर तें टेबल मांडलें होतें, तिचा काळा पत्थर म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वाहून थिजलेला लाव्हारसच होय. आणि शेतांतील काळी मातीही त्याच्याच झिजेनें बनलेली आहे. उत्तर पायांखालीं होतें, पण मुलास तें दिसलें नाहीं. कारण प्रश्न त्याचा नव्हताच.

म्हणून प्रयोगाचा आरंभ प्रश्नापासून व्हावा, पुठ्ठ्यापासून नव्हे. विषय आणि प्रश्न यांत भेद आहे. ‘पाणीटंचाई’ हा विषय झाला. त्यावर निबंध लिहितां येईल, प्रयोग करतां येणार नाहीं. ‘उघड्या भांड्यांतील पाणी एका दिवसांत किती उतरतें, आणि वर सावली केल्यास त्यांतील किती वांचतें?’ हा प्रश्न झाला. कारण त्याचें उत्तर मोजून मिळतें. १० ते १७ वर्षांच्या मुलांसाठीं १९९३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेनेंही आपल्याच परिसरांतील प्रश्न घेऊन त्याची प्रत्यक्ष पाहणी करण्यावर भर दिला आहे. आणि पाण्याचा प्रश्न लातूरकरांस परका खचित नाहीं.

हाच प्रश्न उदाहरणादाखल घेऊं. प्रदर्शनाच्या तारखेपासून मागें मोजून सहा आठवडे हातीं ठेवावे. पहिला आठवडा प्रश्न ठरविण्यांत व साहित्य जमविण्यांत जावा. उभ्या कडांचे, एकसारखे सहा स्टीलचे डबे, मिलिलिटरच्या खुणा असलेलें एक मोजपात्र, जाळीचा तुकडा व एखादें जुनें धोतर एवढें पुरे. दुसऱ्या आठवड्यांत दोन-तीन दिवस केवळ रंगीत तालीम करावी. कावळा पाणी पितो, खार डबा लवंडते, आजी चिमण्यांसाठीं म्हणून त्यांत तांब्याभर पाणी ओततात, हे सारे घोटाळे तेव्हांच ध्यानांत येतात व त्यांचा बंदोबस्त करतां येतो. तिसरा व चौथा आठवडा प्रत्यक्ष मोजणीचा. पांचव्यांत कोष्टक व आलेख तयार करावे. फलक लिहिणें आणि बोलण्याचा सराव करणें हें काम सहाव्या आठवड्याचें. आमच्याकडे बहुधा ह्या शेवटच्या आठवड्याचेंच काम पहिल्या दिवशीं सुरू होतें!

मोजणीची रीत अशी. सहाही डबे गच्चीवर एकाच ठिकाणीं ठेवून आंतील एका ठराविक खुणेपर्यंत भरावे व सर्वांवर सारखी जाळी घालावी. पैकीं तिघांच्या वर हातभर उंचीवर धोतर ताणून बांधावें. दररोज सायंकाळीं ठरल्या वेळीं प्रत्येक डबा पुन्हां खुणेपर्यंत भरण्यास किती मिलिलिटर पाणी लागलें तें लिहावें. डब्याचें तोंड १६ सेंटिमीटर व्यासाचें असेल, तर त्याचें क्षेत्रफळ सुमारें २०० चौरस सेंटिमीटर होतें. तेव्हां २० मिलिलिटरची भर म्हणजे पाण्याची पातळी १ मिलिमीटर उतरली असें समजावें. एकाऐवजीं तीन तीन डबे कशासाठीं? एकाच डब्याचें उत्तर योगायोगाचें असूं शकतें; तिघांचें जुळलें तर विश्वास बसतो.

आपल्या न्यायशास्त्रांत अन्वय आणि व्यतिरेक असे दोन शब्द आहेत. कारण असतां कार्य होतें हा अन्वय. कारण नसतां कार्य होत नाहीं हा व्यतिरेक. प्रयोगाचें मर्म ह्या जोडींत आहे. मात्र दोन गटांत भेद एकाच गोष्टीचा असावा. सावलींतले डबे भिंतीच्या आडोशास ठेवले, तर पाणी सावलीनें वांचलें कीं वारा अडल्यानें, हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं.

वहीबद्दल एक कडक नियम पाळावा. जें दिसलें तें त्याच दिवशीं शाईनें लिहावें, आणि चुकल्यासारखा वाटणारा आंकडा खोडूं नये. शेजारीं ‘आज आभाळ होतें’ किंवा ‘जाळी सरकली होती’ अशी टीप करावी. अपेक्षेप्रमाणें उत्तर न येणें हें अपयश नव्हे. अपेक्षेप्रमाणें उत्तर यावें म्हणून आंकडा बदलणें मात्र असत्य होय, आणि तें करण्याचा मोह मुलांपेक्षां वडिलांसच अधिक होतो.

आतां ह्या डब्यांचें मोल पाहा. एक हेक्टर पृष्ठभागावरून १ मिलिमीटर पाणी उडालें, तर तें १०,००० लिटर भरतें. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास जी पाण्याची आगगाडी आली, तिच्या पहिल्या खेपेंत १० वाघिणींतून ५ लक्ष लिटर पाणी होतें. म्हणजे ५० हेक्टर जलपृष्ठावरून केवळ १ मिलिमीटर पाणी उडून जावें, तेवढें! हा हिशेब ज्या मुलानें आपल्या हातानें केला, तें धनेगांवच्या मांजरा धरणाकडे पुन्हां पूर्वीच्या दृष्टीनें पाहणार नाहीं. परंतु येथेंच सावधगिरीही शिकवावी. लहान डबा उन्हांत लवकर तापतो. त्याच्या आंकड्यास धरणाच्या क्षेत्रफळानें सरळ गुणणें चूक आहे. हवामानशास्त्रज्ञ तर त्यांच्या प्रमाणित बाष्पीभवन-पात्राच्या मापासही तलावाकरितां साधारणतः ०.७ च्या आसपासच्या गुणकानें कमी करून घेतात. आपला निष्कर्ष कोठवर खरा आहे, हें फलकावर स्पष्ट लिहिणारा विद्यार्थी आमच्या मतें बक्षिसास अधिक पात्र होय.

मग वडील मंडळींनीं हात बांधून बसावें काय? मुळींच नाहीं. गच्चीचा कोपरा महिनाभर मोकळा ठेवणें, डबे स्वयंपाकघरांतून मागून नेल्यास रागें न भरणें, जड वस्तु उचलतांना सोबत असणें, आणि रोज रात्रीं जेवतांना “आज काय आढळलें? तें तसें कां झालें असेल?” एवढें विचारणें, हें त्यांचें काम. उत्तर मात्र सांगूं नये. मुलाचें अक्षर वांकडें आलें, आलेखाची रेघ जाड झाली, तर येऊं द्यावी. वडिलांच्या सुबक अक्षरानें मिळालेलें पारितोषिक कपाटांत राहतें. स्वतः मोजलेला आंकडा जन्मभर सोबत करतो.