संथ खेळाच्या बाजूने

स्नूकर हा खेळ १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने सुरू केला, असे मानले जाते. पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणी यांच्या जगज्जेतेपदांमुळे तो आपल्या तरुणांच्याही परिचयाचा झाला आहे. व्यावसायिक सामने पाहणाऱ्यांची एक तक्रार मात्र नेहमी कानी येते. काही खेळाडू फारच संथ खेळतात. समोर चेंडू दिसत असूनही तो पॉकेटमध्ये घालण्याऐवजी विचार करीत उभे राहतात आणि अखेर पांढरा चेंडू टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवतात. ही तक्रार आम्हांस मान्य नाही.

स्नूकरमध्ये एक नेम चुकला की खेळाडूला खुर्चीवर जाऊन बसावे लागते आणि प्रतिस्पर्धी एकाच डावात सारी फ्रेम जिंकू शकतो. त्यामुळे अवघड चेंडूचा मोह टाळणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. पांढरा चेंडू कुशनला टेकवून ठेवणे, किंवा तो दुसऱ्या चेंडूआड दडवून प्रतिस्पर्ध्याची सरळ वाट बंद करणे, यासाठी मनगटावर विलक्षण ताबा लागतो. टाळ्या मिळत नाहीत, गुणफलकही हलत नाही. तरी सामना तिथेच फिरतो.

कॅनडाच्या क्लिफ थोर्बर्न यांना ‘ग्राइंडर’, म्हणजे जात्यासारखा दळत राहणारा, असे म्हणत. १९८० च्या जागतिक अंतिम सामन्यात त्यांनी ‘हरिकेन’ म्हणून गाजलेल्या अ‍ॅलेक्स हिगिन्स यांना १८–१६ असे हरवले. पुढे १९८३ मध्ये शेफिल्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात जागतिक स्पर्धेतील पहिला १४७ गुणांचा सर्वोच्च ब्रेक केला, तोही याच संथ खेळाडूने. प्रेक्षकांना संथपणा रुचत नाही, हेही खरे नाही. १९८५ च्या अंतिम सामन्यात डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिस यांची निर्णायक फ्रेम ६८ मिनिटे चालली. मध्यरात्र उलटली तरी ब्रिटनमध्ये सुमारे १ कोटी ८५ लाख लोक दूरचित्रवाणीसमोर बसून होते.

आक्षेपाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २००५ मध्ये पीटर एब्डन यांनी रॉनी ओसुलिव्हनविरुद्ध अवघ्या १२ गुणांच्या ब्रेकसाठी पाच मिनिटांहून अधिक वेळ घेतला. ओसुलिव्हन यांनी १९९७ मध्ये जवळपास तेवढ्याच वेळात १४७ गुण केले होते. एब्डन पिछाडीवरून १३–११ असे जिंकले, आणि टीकेचे धनीही झाले. प्रतिस्पर्ध्याची लय मोडण्यासाठीच वेळ काढणे आणि योग्य निर्णयासाठी वेळ घेणे, यांत अंतर आहे. अवाजवी वेळ घेणाऱ्याला ताकीद देण्याचा अधिकार नियमांनी पंचाला दिला आहे. परंतु खेळाडूच्या मनात काय आहे, हे घड्याळ सांगू शकत नाही. कर्माचे मोल चेतनेवरून ठरते, ही तथागतांची शिकवण येथेही लागू पडते.

खन्ती ही दहा पारमितांपैकी एक आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. तिचा अर्थ केवळ मुकाट्याने सोसणे असा घेतला जाऊ नये. परिस्थिती प्रतिकूल असताना मनाचा तोल राखणे आणि योग्य क्षण येईपर्यंत उतावीळ न होणे, हेही तिचे रूप आहे. चांगला संथ खेळाडू हेच करतो.

ही गोष्ट पालकांनी आणि आम्हां शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. हल्ली मुलांची परीक्षा प्रश्न किती झटपट सुटतो यावरच होते. जो उत्तराआधी थांबतो, खोडतो, पुन्हा मांडतो, त्याच्यावर ‘मंद’ असा शिक्का सहज मारला जातो आणि तो शिक्का त्याला वर्षानुवर्षे पुरतो. असा विद्यार्थी हात वर करायला उशीर लावील, तेव्हा त्याचे नाव वगळून पुढे जाण्यापूर्वी तो कशाचा विचार करतो आहे, एवढे तरी आपण त्याला विचारावे.